कॅरिअरवरच्या दोन थापा

सायकलवर टांग टाकण्याआधी सर कॅरिअरवर दोन थापा मारायचे आणि म्हणायचे, "बस." मागे कोणीही नसायचं.

तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही हसला असता. आम्ही शाळेतले सगळे शिक्षक हसायचो. मी तर जरा जास्तच. "सर, कोणाला बसवायलाव?" ते म्हणायचे, "सवय हाय, बाई."

वालूरहून सेलूला ते रोज त्या काळ्या, उंच सायकलवर यायचे. घेतली तीही जुनीच, बाजारातून. दर शुक्रवारी मधल्या सुट्टीत चेन रॉकेलनं पुसून तेल देणार, मग मागचं चाक फिरवून कान देणार. "मोटरसायकल घ्या की आता," म्हटलं की, "हिला अजून माझा कंटाळा आला न्हाई."

कॅरिअरला मात्र कसल्याशा चिंध्या गुंडाळलेल्या. तेलानं काळ्या झालेल्या. मला त्या बघवत नसत. मला मेली स्वच्छतेची फार हौस.

सर रिटायर व्हायचे होते. सायकल नवीकोरी करून द्यायची, ही कल्पना माझीच. सरांना सांगितलं, शाळेच्या प्रदर्शनात ठेवायचीय, दोन दिवस द्या. दिली बिचाऱ्यांनी. मेकॅनिकनं रंग दिला, टायर बदलले. कॅरिअरला हात लावताना तो म्हणाला, "हे ऱ्हाऊ द्या का? लय निगुतीनं बांधलंय." मी म्हटलं, "ती घाण आधी काढा. नवं गादीचं बसवा."

निरोपाच्या दिवशी सायकलला हार घातला. टाळ्या झाल्या. सरांनी सवयीनं थाप मारली. हात स्पंजात रुतला, आवाज आला नाही. दुसरी थाप त्यांनी मारलीच नाही.

"लय छान केलंत," ते म्हणाले. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "जुनं कॅरिअर कुठं हाय, बाई? मंडळीनं लुगडं फाडून बांधलं व्हतं. बसायला रुतू नये म्हणून. सायकल उंच. मी थाप मारल्याबिगर ती बसत नव्हती."

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, हे मला ठाऊक होतं. बाकी काहीच ठाऊक नव्हतं.

"मेकॅनिकनं काढलं असेल," मी म्हणाले. जीभ कशी रेटली, देव जाणे.

त्याच संध्याकाळी मी दुकानावर धावले. भंगार सकाळीच जालन्याच्या भट्टीला गेलं होतं. सरांना सांगितलं तर म्हणाले, "जाऊ द्या. त्या मेकॅनिक पोराला बोलू नका, त्याला काय ठावं." त्या दिवशी वालूरपर्यंत ते सायकल हातात धरून चालत गेले म्हणे.

परवा सर गेल्याचं कळलं. मी वालूरला गेले. खरं सांगायचं, एवढंच ठरवून गेले. उशिरा का होईना, त्यांच्या मुलाला तरी सांगायचं, ते जुनं कॅरिअर मीच काढायला लावलं.

सायकल ओसरीत उभी होती. मागे कॅरिअरच नव्हतं. ते भिंतीवर खिळ्याला टांगलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, नवंकोरं.

"अण्णांनी दुसऱ्याच दिवशी काढलं," मुलगा म्हणाला. "शाळेचं प्रेम हाय, खराब करू नका म्हनायचे. बाजाराची पिशवी हँडललाच अडकवायचे. तुमीच दिलं व्हतं ना, म्याडम?"

मी मान हलवली. त्यानं चहा आणला. तो पिऊन मी परत आले.