नक्की माहीत नसेल तर

आमचा मन्मथ लातुरात बायोलॉजी शिकवतो आणि त्याच क्लासमध्ये मी फिजिक्स. माझ्या तासाला पोरं जांभया देतात, त्याच्या तासाला श्वास रोखून बसतात. चौकाचौकात त्याचा फोटो लागलेला आहे, आणि त्यात तो आहे त्यापेक्षा बराच बरा दिसतो. त्याचं सगळं नाव एका वाक्यावर उभं आहे. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत चार पर्याय, त्यातला एक बरोबर, चुकलं तर गुण कापणार, तेव्हा उत्तरपत्रिकेवर "नक्की माहीत नसेल तर गोळा काळा करायचा नाही!" हे वाक्य पोरं झोपेतसुद्धा बरळतात, असं एका हॉस्टेलच्या बाईंनीच मला सांगितलंय.

अशा माणसाच्या हातात गेल्या फेब्रुवारीत एक रिपोर्ट पडला आणि त्याची पार भंबेरी उडाली.

त्याची बायको शिवकन्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. बोलणं कमी, पण मनाची खंबीर. तिला तीन वेळा दिवस गेले आणि तिन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आतच सगळं संपलं. शेवटी त्यांनी टेस्ट ट्यूब बेबीचा रस्ता धरला. तोही नांदेडचा, कारण लातुरात नुसतं दवाखान्याच्या पायरीवर उभं राहिलं तरी चार पालक "सर, इकडं कुठं?" विचारणार. नांदेडला प्रयोगशाळेत गर्भ तयार झाले. पोटात ठेवण्याआधी त्यांच्या थोड्या पेशी काढून तपासायला पाठवल्या आणि तोवर गर्भ गोठवून ठेवले. होते दोनच. एक सदोष निघाला. दुसऱ्याच्या रिपोर्टवर लिहिलं होतं ‘मोझेक’. म्हणजे काही पेशी चांगल्या, काही बिघडलेल्या.

"म्हणजे मूल चांगलं होणार का नाही?" मी विचारलं.

"सर, तेच तर कळेना झालंय," मन्मथ म्हणाला. "तपासल्या त्या पेशी वरच्या थरातल्या. त्याची वार होते, बाळ नाही. आतलं बाळ एकदम चांगलं असू शकतं. नसूही शकतं. राहील, पडेल, नाहीतर दोष घेऊन जन्माला येईल. डॉक्टर म्हणतात, निर्णय तुमचा."

मला राग आला. एवढी यंत्रं, एवढे शिकलेले लोक, आणि उत्तर काय, तर ‘कदाचित’! आमच्या एखाद्या पोरानं असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

शिवकन्येचं म्हणणं सरळ होतं. "मला पाहिजे. पण तुम्ही मनापासून हो म्हणालात तरच. उद्या काही झालं तर ते माझ्या एकटीच्या पदरात नको." पुन्हा बीजं मिळतील याची आशा धरू नका, असं डॉक्टरांनी तिला सांगून टाकलं होतं. म्हणजे जे काही होतं ते हे एवढंच. आठवडाभर मन्मथ सकाळी हो म्हणायचा आणि संध्याकाळी नको. एकदा तर वर्गात फळ्यावर प्रश्न लिहून उत्तर न सांगताच बाहेर आला. पोरांना वाटलं, सरांची काहीतरी नवी पद्धत असेल.

नांदेडला जाऊन संमतीचा फॉर्म भरायच्या दिवशी गाडी मी चालवली. त्याची आई केवळाबाई सकाळची लिंगपूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून, कोणी न बोलावता मागे सुनेशेजारी येऊन बसल्या. लोह्याला चहाला थांबलो. मन्मथनं पुन्हा तेच दळण सुरू केलं: पेशी, थर, शक्यता.

"कशाची खोट बघत्यात म्हणलास?" केवळाबाईंनी विचारलं.

"बाळात काही दोष आहे का ते, आई."

त्यांनी कप खाली ठेवला. त्यांची हकिगत मला ऐकून माहीत होती. किल्लारीच्या भूकंपात त्यांच्या दोन मुली भिंतीखाली गेल्या, थोरली सात वर्षांची, धाकटी चार. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन आधीच झालेलं. ते त्यांनी पुन्हा उघडून घेतलं आणि दोन वर्षांनी मन्मथ झाला. पण त्या मुलींचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

"माझ्या महादेवीत आन् गंगूत कायबी खोट नव्हती," त्या म्हणाल्या. "येक दात वाकडा नव्हता. तवा ह्यो कागुद आसता, तर दोघींचाबी साफ आला आसता."

मन्मथनं रिपोर्टची घडी घालून तो खिशात ठेवला.

"ऑपरेशन खोलताना म्याबी इचारलं हुतं, पोर हुईल का. डॉक्टर म्हणला, सांगता येत न्हाई. म्या आंगठा दिला. लई भ्याले हुते रं. तू पोटात हुतास तवा येक दिस निवांत गेला न्हाई."

"मग मी काय करू, आई?"

"ते मला काय म्हाईत?" त्या म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसून गाडीत जाऊन बसल्या.

दवाखान्यात फॉर्मवर तीन चौकोन होते: गर्भ पोटात ठेवावा, गोठवलेलाच राहू द्यावा, टाकून द्यावा. खाली दोघांच्या सह्या. शिवकन्येनं पेन नवऱ्यापुढे केलं आणि ती खिडकीबाहेर बघत बसली.

"सर, मला अजूनही नक्की माहीत नाही," तो मला म्हणाला.



त्यानं पेन टेकवलं. बरोबरची खूण केली नाही. पहिला चौकोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, मध्ये पांढरा ठिपका न ठेवता, पोरांना शिकवतो तसा सावकाश काळा करत गेला. शिवकन्येनं मान वळवली आणि त्याचा दुसरा हात धरला.

"सर, तिथं नुसती टिक करायची असते," नर्स म्हणाली आणि तिनं कोरा फॉर्म पुढे सरकवला. "पुन्हा भरा."

त्यानं पुन्हा तोच चौकोन काळा केला.