बुरा

लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडलं, तर फोडींवर पांढरा बुरा, कापूस पिंजून पसरावा तसा. ओला चमचा घालणारा गुन्हेगार शोधायला लांब जायला नको होतं. घरात आम्ही दोघंच, आणि केमो सुरू झाल्यापासून बायको लोणचं खात नाही.

गुन्हा झाकायला मी विद्वत्ता बाहेर काढली. "अगं, बुरशीला नावं ठेवू नकोस. तिच्यातून कर्करोगावर औषधं निघतील म्हणे. पेपरात आलंय."

"मग भरवा चमचाभर," ती म्हणाली. "मोठे आले संशोधक!"

खरं तर ते कात्रण मी डॉक्टरांनाही दाखवून आलो होतो. ते हसले असते तर बरं झालं असतं. "काका, काचेच्या बशीत पेशी मरतात. तिथून माणसापर्यंत यायला वर्षं जातात, आणि बरीचशी द्रव्यं वाटेतच बाद होतात."

भाकरीवर, भिंतीवर, चपलेवर ही बया न बोलावता येते, एका रात्रीत फोफावते. औषध हो म्हटलं की मात्र तिला सवडच सवड. आम्हाला पुढच्या कैऱ्यांचीही खात्री नाही.

"फेकून देतो बरणी," मी म्हणालो.

"अख्खी कशाला? खराब तेवढं काढा. खालचं चांगलं असेल."

ऑपरेशननंतर सर्जनही असंच म्हणाले होते, "खराब तेवढं काढलंय, बाकी चांगलं आहे." ती बोलून गेली आणि तिलाही ते आठवलं. मग दोघांपैकी कुणीच बरणीत हात घातला नाही.