खो-खोचे खांब आणि कलम एकशे आठ

धम्मपाल कांबळे सर गारगोटीच्या एका हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवत. बाकीचे शिक्षक हा विषय परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकतात. सर तो वर्षभर शिकवायचे, आणि ही सवय त्यांना महागात पडली.

दर जूनमध्ये ते नववीच्या वर्गांतून संसद निवडून आणत. लोकसभा छत्तीसची, राज्यसभा बाराची. लोकसभेत मुलींना कुणी निवडून देत नसे, म्हणून राज्यसभा सगळी मुलींची. मैदान आणि मधली सुट्टी यांबाबत दोन्ही सभागृहं ठरवतील ते शाळा पाळेल, असं सरांनी १९९१ मध्येच हेडमास्तरांकडून लिहून घेतलं होतं.

मार्च २००२ मध्ये लोकसभेत विधेयक आलं: सगळं मैदान क्रिकेटला द्यावं, मुलींच्या खो-खोचे खांब काढावेत. त्यामागे संस्थेचे अध्यक्ष गणपतराव होते. त्यांना स्वतःच्या नावाचा चषक भरवायचा होता. सत्तावीस विरुद्ध नऊ, मंजूर. राज्यसभेनं आठ विरुद्ध चार मतांनी ते फेटाळलं. खो-खोची कप्तान दानेश्वरी एवढंच बोलली, "खांब काढल्यावर आम्ही पळायचं कुठनं कुठं?"

गणपतराव शाळेत आले.

"मास्तर, पोरींनी कायदा आडवला म्हणं?"

"सभागृहानं फेटाळला, साहेब."

"एकच की." त्यांनी पेपर टेबलावर टाकला. राज्यसभेनं फेटाळलेलं दहशतवादविरोधी विधेयक दिल्लीत त्याच आठवड्यात दोन्ही सभागृहं एकत्र बसवून मंजूर झालं होतं. "हितं बी एकत्र बसवा. दिल्लीत चालतंय ते गारगोटीत न्हाय व्हय?"

"पन्नास वर्षांत ही वेळ तिसऱ्यांदा आलीय."

"तुमच्या वहीत हाय का न्हाय, तेवढं सांगा."

होतं. संयुक्त बैठकीचं कलम एकशे आठ सरांनीच उतरवून दिलं होतं, लाल शाईची चौकट करून. शाळेला हे लागू नाही, एवढं म्हणून दुसरा कुणीही सुटला असता. पण संविधानातलं कलम गैरसोयीचं आहे म्हणून गाळावं, हे सरांच्या घरात दोन पिढ्यांत कुणाला सुचलं नव्हतं.

बैठक झाली. एकतीस विरुद्ध सतरा. निकाल सरांनीच वाचला.

"सर," दानेश्वरी म्हणाली, "ते आमच्या तिप्पट. मग आमची सभा बसवली कशाला?"

याचं उत्तर सर दरवर्षी लिहून देत: दुसरं सभागृह घाईला लगाम घालतं, लहानांचा आवाज राखतं. पाच गुण. त्या दिवशी ते त्यांना स्वतःलाच खोटं वाटलं. नाही म्हणायचा हक्क द्यायचा आणि कुणी नाही म्हटलं की डोकी मोजायची. एवढंच करायचं होतं तर बारा पोरींना वर्षभर शपथा देऊन बसवलं कशाला? सरांचा संताप गणपतरावांवर नव्हता एवढा. लाल चौकटीवर होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी खांब स्वतः उपटले, एकेक करून खांद्यावर घेतले, भर बाजारातून नेले आणि आपल्या वस्तीतल्या विहारापुढं रोवले. गणपतरावांनी जाब विचारला.

"काढा म्हणालात, काढले," सर म्हणाले. "ठेवायचे कुठं, याचं विधेयक आलं नाही."

संध्याकाळी दानेश्वरी तिथं आली. पेठेतल्या तिच्या लिंगायत घरातून त्या वस्तीत तोवर कुणी पाऊल टाकलं नव्हतं. मागोमाग राज्यसभेतल्याच आणखी आठ जणी. नऊ झाल्या, संघ पुरा. त्यातल्या एकीनं मत विधेयकाच्या बाजूनं दिलं होतं. सरांनी तिला पहिल्या खांबाशी उभं केलं.