मुळ्याच्या कोशिंबिरीचा तपास

संशय घ्यायला मला फार कारण लागत नाही. दुधावर साय कमी आली तरी मी आधी मांजराकडे बघतो, मग बायकोकडे. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे उतरलेल्या पाहुण्यांची पोटं बिघडली, तेव्हा माझ्यातला पोलीसपाटील खडबडून जागा झाला.

मालगुंडजवळ आमचं घर आहे. घराच्या मागे, उतारावर, पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत. चौघांचं कुटुंब आलं होतं. दुपारी सुरमई, भात, सोलकढी आणि मुळ्याची कोशिंबीर असं जेवले, तोंडभरून कौतुक केलं. दुसऱ्या संध्याकाळी चौघांपैकी तिघं नव्या संडासापुढे रांग लावून उभे. सुट्टी अर्धी टाकून निघाले, आणि जाताना माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच जेवणात जुलाबाची पावडर कालवली असावी.

चौथे आजोबा मात्र ठणठणीत. मी त्यांना खोदून खोदून विचारलं होतं. सुरमईचे त्यांनी दोन तुकडे खाल्ले होते, सोलकढी तीन वाट्या प्याले होते. कोशिंबीर तेवढी नाही, कारण कवळी घरी विसरले होते.

म्हणजे मुळा. आणि मुळा यायचा उताराच्या पायथ्याच्या मळ्यातून. तो मळा शेजारच्या वहिनींचा. त्यांचा नवरा बोटीवर असतो. भात कापून झालं की वहिनी त्याच जमिनीत मुळा, लाल माठ आणि कोथिंबीर लावतात, आणि आठवड्याच्या बाजारात नेऊन विकतात. वर्षाचा भाजीचा हंगाम तेवढाच.

पाहुण्यांना पक्षी दाखवायला आणलेली दुर्बीण घेऊन मी आंब्याच्या कलमांआड दबा धरला. दोन सकाळी काही नाही. तिसऱ्या सकाळी नाटकाचा पडदा वर गेला. वहिनींनी मुळ्याच्या जुड्या बांधल्या आणि विहिरीजवळच्या दगडी डोणीत एकेक जुडी बुचकळून काढली. माती गेली, मुळा पांढराशुभ्र. आणि मागून म्हैस आली, त्याच डोणीत तोंड घालून फुरफुरली. मला इतका आनंद झाला की दुर्बीण हातातून पडली.

आरोग्य केंद्रातल्या माणसाकडून पाणी तपासायच्या दोन बाटल्या आणल्या. त्यात खुणेपर्यंत पाणी भरून दोन दिवस उबेला ठेवायचं. काळं झालं तर त्यात विष्ठेतले जंतू आहेत असं समजायचं. एका बाटलीत वहिनींच्या विहिरीचं पाणी, तेही त्यांना न विचारता. दुसरीत घराच्या वरच्या अंगाला असलेल्या माझ्या विहिरीचं. दुसऱ्या दिवशी वहिनींची बाटली शाईसारखी काळी, माझी दोन दिवसांनंतरही होती तशीच.

मी फक्त रिक्षावाल्याला सांगितलं. आणि चहाच्या टपरीवर. आणि भाजीबाजारात, ओघात, जो भेटला त्याला. म्हशीची फुरफुर मी आवाजासकट करून दाखवायचो.

त्या आठवड्यात वहिनी बाजारातून भरलेली टोपली घेऊनच परत आल्या. सरळ आमच्या अंगणात येऊन त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली.

"भाऊजी, म्हशीचा आवाज चांगला काढता म्हणे. मलाही काढून दाखवा."

मी खोकलो. बायको आत निघून गेली. ती वहिनींच्या बाजूची आहे हे मला तेव्हाच कळलं. मी काळी बाटली पुढे केली. वहिनींनी ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली, नाकारलं काहीच नाही. एवढंच म्हणाल्या की म्हैस आठ वर्षं त्याच डोणीत पाणी पितेय आणि गावही आठ वर्षं मुळा खातंय. यंदा नवीन काय झालं?

मग त्यांनीच मला खोल्यांच्या मागे नेलं. जानेवारी लागला होता. उतारावरचं गवत वाळून पिवळं पडलं होतं. त्या पिवळ्यात एक हिरवागार पट्टा होता, पंच्यासारखा पसरलेला. माझ्या नव्या संडासाच्या खड्ड्यापासून निघालेला, थेट त्यांच्या विहिरीपर्यंत.

"हे पाणी कोण घालतं, भाऊजी?"

गवंडी म्हणाला होता, बंद टाकी बांधू. मीच त्याला हसलो होतो. जांभ्यात खड्डा मारला की झालं, जांभा पाणी पितो आणि गाळून सोडतो, हे आमच्याकडे पोरंसोरंही सांगतात. पितो हे खरं. गाळणं त्याने कधी कबूल केलं होतं, हे मी विचारलं नव्हतं. पहिल्या पाहुण्यांची देणगी वहिनींच्या विहिरीत, तिथून डोणीत, तिथून मुळ्यावर, आणि मुळ्यावरून पुढच्या पाहुण्यांच्या ताटात, असा तो प्रवास होता. वहिनी मुळा धुऊन स्वच्छ करत होत्या, माझ्या संडासाच्या पाण्याने.

त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या. खड्डा बंद करा, आणि ज्यांना सांगितलंत त्यांना परत सांगा, त्याच क्रमाने.

खोल्यांना कुलूप लावलं, खड्डा उपसून बुजवला, बंद टाकी घातली. उभा मुळा वहिनींनी उपटून मळ्यातच गाडला. नवे वाफे माझ्या विहिरीच्या पाण्यावर केले, वरून पाइप टाकून. म्हशीला वेगळी बादली आली, कारण डोणीबद्दलचा माझा संशय अगदीच खोटा नव्हता, आणि हे मी सोडणार नव्हतो. मग मी रिक्षावाला, टपरी, बाजार असा उलटतपासणीला निघालो. यावेळी म्हशीऐवजी माझीच नक्कल करावी लागली. लोकांना ती जास्त आवडली.

वहिनींच्या विहिरीचा उपसा झाला, ब्लीचिंग पावडर टाकली. पंधरा दिवसांनी पाणी तपासलं, बाटली काळी. पुन्हा उपसा, पुन्हा काळी. बाजार त्यांच्या नव्या भाजीकडेही अजून वाकून, वास घेऊन बघत होता.

मार्चमध्ये मी भरून त्यांच्या खिडकीत ठेवलेली बाटली दोन दिवस झाले तरी बदलली नाही. मी सकाळीच जाऊन विजयाची आरोळी ठोकायच्या बेतात होतो. वहिनींनी बाटली फिरवून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"पाणी कुठल्या विहिरीचं भरलंत?"

मी शपथ घेतली. त्यांनी कोरी बाटली घेतली, मला खिडकीशीच थांबवलं, आणि विहिरीवर जाऊन स्वतः भरून आणली.