उंबऱ्यावरचं सूप

"इंग्रजीत हाय म्हंजे वरनं कुणाचा तरी वशिला असनार की," हवालदार शेजारच्या शिपायाला हळूच म्हणाला. चौकीतल्या बाकावर अक्काजवळ बसून मी ते ऐकलं, आणि सांगायला लाज वाटते, मला अभिमान वाटला. अर्ज मी लिहिला होता.

अक्का भवानी पेठेत आमच्या खालच्या खोलीत राहायची. नवरा कापडाच्या कारखान्यात मागावर कामाला जाई, ती घरी विड्या वळी. त्या आठवड्यात त्याने तिचं उजवं मनगट पिरगाळलं होतं. विडी वळणारीचं मनगट गेलं की तिच्याकडे काय उरतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला फक्त अर्ज कळत होता. कॉन्व्हेंटात नागरिकशास्त्राच्या बाईंनी शिकवलं होतं, अन्याय झाला तर लेखी कळवावं.

खालच्या अंगणातल्या विडीवाल्या बायकांचा उपाय वेगळा होता. कुणाच्या घरात मारझोड सुरू झाली की बाकीच्या बायका विडीच्या पानांची सुपं उचलून त्या दारात जाऊन बसायच्या. बोलायचं कुणी नाही. नुसत्या पानं कापत, विड्या वळत राहायच्या, मग एखादी आत जाऊन त्या घरच्या बाईकडे पाणी मागायची, म्हणजे तिला बाहेर यायला निमित्त मिळे. सात-आठ कात्र्यांचा आवाज दारात चालू असताना उगारलेला हात बहुतेक वेळा खाली यायचा. वरच्या गॅलरीतून मी ते कितीदा पाहिलं होतं. मला ते अडाणीपणाचं वाटायचं.

अर्जावर अक्काने अंगठा दिला. पोलिसांनी तिच्या नवऱ्याला उचलून नेलं, दोन दिवस ठेवलं, मारलं. अक्काला तीन दिवस त्याच बाकावर बसवलं. "सैपाक येळेवर करत न्हाईस काय? उगंच का मारंल कोन?" असं तिला सगळ्यांदेखत विचारलं. मी शेजारी होते.

तो सुटून आला तेव्हा कारखान्याच्या मालकाने त्याच्या जागी दुसरा माणूस कामाला घेतला होता. आता तो दिवसभर घरीच असे.

मग हवालदार अंगणात आला. याआधी अक्काच्या दारात कोण कोण बसत होतं, त्यांची नावं त्याला हवी होती, साक्षीला. बायकांनी माना खाली घातल्या. साक्षीला जायचं म्हणजे दिवस बुडणार, पुन्हा तोच बाक, तेच प्रश्न. त्या दिवसापासून अक्काच्या दारात कुणी बसलं नाही.

मी समोरच्या मावशींना विनवलं. त्यांनी विडी बांधायचा दोरा दातांत धरूनच माझ्याकडे पाहिलं.

"मडमबाई, तुमी लिवून मोकळ्या झाला. आता तिच्या दारात सरकार बसलंय न्हवं? त्येलाच सांगा की."

"मावशी, मला वाटलं होतं..."

"व्हय, वाटलं आसंल."

हवालदार येऊन गेल्याच्या चौथ्या दिवशी भर दुपारी खालून अक्काचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते, कुणी उशी दाबून धरल्यासारखं काहीतरी होतं. मी गॅलरीत गेले. अंगणातल्या कात्र्या थांबल्या होत्या, पण कुणी उठत नव्हतं. एकेक दार आतून लागलं. मावशी तेवढ्या बाहेर राहिल्या, पाठ फिरवून.

जिना कसा उतरले आठवत नाही. मावशींच्या पुढ्यातलं सूप मी न विचारता उचललं. त्यांनी अडवलं नाही, मागेही आल्या नाहीत. अक्काच्या उंबऱ्यावर बसले, पान हातात घेतलं. विडी वळता मला येत नव्हती. तंबाखू फ्रॉकवर सांडली, पान फाटलं, दुसरं घेतलं, तेही फाटलं. आत काहीतरी आपटलं. मग दाराच्या फटीतून तो म्हणाला, "कोन हाय?"

मी म्हणाले, आणि अंगणभर ऐकू गेलं, "मी आहे, वरची. अर्ज मी लिहिला होता. आता चौकीत नाही जाणार, इथंच बसणार. अक्का, मला प्यायला पाणी आणून द्या."