न धुतलेले रीळ
ट्रंकेतला पत्र्याचा डबा उघडला आणि जुन्या फिल्मचा आंबूस वास येताच जायकवाडीच्या काठावरची ती दुपार आठवली. आमच्या विनोदी चित्रपटाचा नायक कर्ज काढून सर्फिंगची फळी घेतो आणि प्रेयसीसमोर पाण्यात आपटतो, अशी कथा होती. समुद्र परवडणारा नव्हता, म्हणून धरणावर मासेमारांच्या मोटारबोटीला दोरखंड बांधला होता. नायक होता चितेगावच्या कारखान्यातला कामगार. महिनाभर फळीवर उभे राहण्याच्या सरावात पडून पडून तो सोलवटला होता आणि नायिका झालेली मुलगी दरवेळी हसून म्हणे, "तुम्हाला नाय जमायचं हे." पैसे संपले होते, एकच रीळ उरले होते. बोट सुटली आणि जिथे पडायचे, नेमका तिथेच तो फळीवर ताठ उभा राहिला. दिग्दर्शक काठावरून ओरडला, "पड की रं आता! रीळ संपतंय!" तो पडला नाही. हसायचे सोडून ती मुलगी ओढणीने डोळे पुसू लागली. कॅमेरामन गांगरला, त्याने रीळ वाया घालवले आणि चित्रपट बुडाला, असे त्या दिवशी काठावर नसलेले लोक आजही सांगतात. साफ खोटे! कॅमेरामन मी होतो. कॅमेरा थांबवायचे बटण माझ्या बोटाखाली होते आणि मी ते जाणूनबुजून दाबले नाही. रीळ लॅबमध्ये धुऊन घेण्यापुरते पैसे पुढे कधीच जमले नाहीत, आणि आता ते धुण्याजोगे उरलेलेही नाही. मी झाकण पुन्हा घट्ट बसवले. ते रीळ वाया गेले असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या कामगाराला महिनाभर पडताना पाहिलेले नाही.