खंडेनवमीचा नमुना तुकडा

जालन्याच्या कारखान्यात मी सळ्यांची तपासणी करायचो. भट्टीत सळई जास्त तापली की आतले कण मोठे होतात आणि ती ठिसूळ बनते. पूर्वी हे कळायला तुकडा कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागे. अर्धा दिवस जाई. मग नवं यंत्र आलं. सळई विजेच्या वेटोळ्यातून सरकवायची, तिचं चुंबकीय वागणं एका चांगल्या नमुना तुकड्याशी ताडायचं, की झालं. यंत्र माझ्या ताब्यात, म्हणून मी जरा हवेतच होतो.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडली. नमुना तुकडा आडवा काही शोभेना, म्हणून मी तो भंगारातलं लोखंड वेचायच्या जाडजूड चुंबकावर उभा केला. हळदकुंकू, झेंडूचं फूल. नवरदेवच दिसत होता. दसऱ्याची सुट्टीही त्याने तिथेच काढली.

नंतर यंत्र प्रत्येक सळई नापास करू लागलं. भट्टीवरचे मिस्तरी नुसत्या रंगावरून लोखंड किती तापलं ते सांगायचे. मी त्यांना म्हणालो, "मिस्तरी, डोळे गेले वाटतं तुमचे."

"साहेब, एक तुकडा कापून तर बघा."

"यंत्र असताना?"

त्यांची रवानगी वजनकाट्यावर झाली. महिन्याभराने नमुना तुकड्याला टाचणी चिकटलेली दिसली . पूजेतल्या चुंबकाचं चुंबकत्व तुकड्यातच भरलं होतं. सळया चांगल्याच होत्या. मी गुपचूप तुकडा बदलला. सळया पास होऊ लागल्या आणि मिस्तरींच्या जागी आलेल्या नव्या माणसाची वाहवा झाली, मीही केली.

मिस्तरी आणि मी, दोघेही निवृत्त होऊन वर्षं लोटली. गेल्या महिन्यात मी वडीगोद्रीला त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

मिस्तरी म्हणाले, "म्हंजी माझी नजर बराबर होती?"

"बिलकुल."

"अन् मी तवाच चष्मा करून घेतला न् साहेब! डॉक्टर म्हणे गरज न्हाई, मीच भांडून घेतला."

आतून त्यांची बायको म्हणाली, "मी बी रोज आंधळा म्हणायची यांना."

मी हात जोडले. मिस्तरींनी चपला घातल्या. "इथं कोण ऐकतंय? चला, हॉटेलावर."

हायवेकडेच्या चहाच्या हॉटेलात त्यांनी मला मधल्या बाकड्यावर बसवलं. मी सांगितलं. कोणी हसलं, कोणी मला नीट न्याहाळलं. तेवढ्यात आणखी दोघं आत आले.

"साहेब, पयल्यापासून," मिस्तरी म्हणाले. "हे आत्ताच आले. अन् जरा जोरात."